झरीच्या पाण्याची खारट चव

१

लग्न पॉलचं होतं, पण रविवारी दुपारपासून वाघोटी गावात मिरवत होती ती त्याची आत्या क्लेमेंटिना. लाल चौकड्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, काखेत तांब्याची कळशी, आणि आवाज असा की घुमट वाजवणाऱ्याला स्वतःचं घुमट ऐकू येऊ नये. उद्याच्या लग्नासाठी उंबराचं पाणी आणायला निघालेल्या बायकांत ती सगळ्यांच्या पुढे होती. वाघोटीच्या किरिस्ताव घरांत नवऱ्या मुलाची आंघोळ या पाण्यावाचून होत नसे. गावचा मोठा उंबर डोंगराच्या कमरेला होता. त्याच्या मुळांशी कातळाच्या फटीतून झरी निघायची आणि दगडी पाटातून खालच्या कुंडात पडायची.

कुंडाशी पोचल्यावर क्लेमेंटिनाने कळशी खाली सोडली. ती ठण्णकन दगडावर आपटली.

गाणं तिथेच तुटलं. घुमटवाला आपल्या नादात आणखी थोडा वेळ बडवत राहिला, मग तोही गप्प झाला. सकाळी काठोकाठ असलेलं कुंड लग्नाच्या पाहुण्यांनी दिवसभरात उपसून काढलं होतं, आणि त्यात नवं पाणी आलंच नव्हतं. पाटातून एक थेंब पडत नव्हता.

"पानी कुठं गेला?" मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं. खरोखरच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं ठाण्याच्या माणसाला वाटेल, कारण त्याच्या दाराशी तलाव असतो. वाघोटी पडली खाडीकाठची. जिथे विहीर खणावी तिथे मचूळ पाणी. एके काळी रेल्वेचे स्लीपर आणि मुंबईच्या चुलींचा कोळसा यांपायी हा डोंगर पार बोडका झाला होता. तेव्हा होळीच्या आधीच झरी आटायची आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन शेजारच्या गावी शिव्या खायला जायच्या. मग क्लेमेंटिनाने क्रुसासमोर आणि आगरी आळीच्या धोंडीबाने गावदेवीसमोर सगळ्यांना शपथ घ्यायला लावली की डोंगरावर कोयता न्यायचा नाही. पेरणीआधी शेतात राब भाजायलासुद्धा तिथली डहाळी तोडायची नाही. लग्नघराला मांडवासाठी उंबराची एक फांदी, एवढीच सूट. घरटी एक माणूस पाळीपाळीने राखण करू लागला. रान उठलं, आणि झरी थेट मृगापर्यंत वाहू लागली.

आता, अठराशे शहाऐंशी साली, एका कोळशाच्या ठेकेदाराने तोच डोंगर तोडीसाठी मागितला होता. मंगळवारी जंगलखात्याचा साहेब स्वतः पाहायला येणार होता. गावाचं म्हणणं एकच होतं : आम्ही रान राखलं, म्हणून आमची झरी भर उन्हाळ्यात वाहते.

आणि फाल्गुन लागून चार दिवस झाले नाहीत तोच झरी कोरडी.

क्लेमेंटिना वाकली. पाटाच्या तोंडाशी दगडाच्या खळगीत जरासा ओलावा होता. त्यात तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग पुन्हा लावलं.

"बायांनो," ती म्हणाली, "हा पानी खारट हाय."

२

गावात कुणाची कोंबडी हरवली तरी लोक पोलीस पाटलाकडे न जाता क्लेमेंटिनाकडे येत. ती कोंबडी शोधून द्यायची, आणि चोराला सगळ्यांदेखत असं काही बोलायची की तो पुढे अंडंसुद्धा विकत घेऊन खायचा. पण ही कोंबडी नव्हती. डोंगरातलं पाणी खारट कसं होईल? खाडी भरतीला कितीही चढली तरी उंबरापर्यंत चढत नाही.

मांडवात रडारड चालली होती. नवऱ्या मुलाचा बाप, म्हणजे क्लेमेंटिनाचा धाकटा भाऊ गॅब्रिएल, मिठागरावर मुकादम होता. त्याने बायकांना गप्प केलं.

"रडताव कशाला? पानी येल. मंगळवारी बघा, अशी धार लागंल का साहेबाची टोपी भिजंल!"

"तुझ्या तोंडात साखर पडो," असं म्हणून क्लेमेंटिना तरातरा सडकेकडे निघाली.

सडकेच्या कडेला आंब्याखाली ठेकेदाराचा मुकादम सहदेव मुक्काम ठोकून होता. मुरबाडकडचा माणूस, गोड बोलणारा. झरी आटल्याची बातमी त्याला आधीच पोचली होती आणि त्याचा आनंद लपत नव्हता.

"या बाई! वाईट झालं हो. तरी मी म्हणत होतो, झाडांचा न् पाण्याचा काय संबंध?"

"संबंध नसंल," क्लेमेंटिना त्याच्या खाटेवर ऐसपैस बसत म्हणाली. "पन एक सांगा, तुमच्या मुरबाडला झरा अडवायचा झाला तर कसा अडवतात?"

"त्यात काय? दगड रचायचे, मागं मुरूम ठासायचा. थोडं झिरपतं, पण काम भागतं." एवढं बोलून तो सावध झाला. "मला कशाला विचारता? तुमचे राखणदार आम्हाला पायथ्याशीसुद्धा उभं करत नाहीत."

हे मात्र खरं होतं. क्लेमेंटिना उठली, तेव्हा तो हसत हसत म्हणाला, "आणि मंगळवारची वाट कशाला बघायची? साहेब घोडबंदरच्या बंगल्यात उतरलेत. मी उद्या सकाळीच त्यांना घेऊन येतो."

क्लेमेंटिनाच्या पायाखालची वाळू सरकली. हातात दोन दिवस आहेत असं ती धरून चालली होती. आता फक्त रात्र उरली.

ती तशीच धोंडीबाकडे गेली. शनिवारी राखणीची पाळी त्याची होती. तो अंगणात घाईघाईने पाय धूत होता. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता, काळाभोर, ओला.

"धोंडीबा, काल डोंगरावर कोन चढलेला?"

"कोनी नाय. परका एक मानूस चढला नाय, देवीशप्पत."

"मग ह्या पायांना काय झाला?"

"बैल खाडीत उतरलेला," धोंडीबा म्हणाला आणि तिच्याकडे न बघता आत गेला. बैल दाराशी बांधलेला होता. त्याचे खूर स्वच्छ होते.

३

सोमवारी उजाडताना मांडवात दुसरीच बोंब उठली. शेवंती स्वैपाकीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"चुली पाच सांगितल्या, मांडल्या तीन! दोन नुसत्या दगडांवर. गॅब्रिएलदादूस, गाडीभर खाडीचा चिखल आनलेला ना तुमी शनवारी? मग लिंपायला उरला का नाय?"

 मांडवाच्या खांबाला टेकून गॅब्रिएल उभा होता, चेहरा राखेसारखा. काल साहेबाची टोपी भिजवणारा हाच का तो माणूस? क्लेमेंटिनाने त्याला हाक मारली, तर तो "आलो" म्हणाला आणि भलत्याच बाजूला चालता झाला.

मुलाचं लग्न आहे, बापाचा जीव खालीवर होणारच, असं कुणालाही वाटलं असतं. पण काल काळजी नव्हती ती आज कुठून आली? झरी काल आटली होती, तेव्हा हा हसत होता.

मांडवाच्या कडेला हरिहरपंत गुप्ते घोंगडीवर बसून चहा पीत होते. ठाण्याच्या कोर्टातले वकील. गावाचा अर्ज त्यांनीच लिहिला होता आणि लग्न व साहेब अशी दोन्ही कामं एका खेपेत उरकायला ते आले होते.

"क्लेमेंटिनाबाई, आता कसं करायचं हो?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "मला गेल्या आठवड्यातच धाकधूक वाटत होती. झरी पाहून मी गॅब्रिएलना म्हटलंसुद्धा, की धार फार बारीक आहे. साहेबाच्या डोळ्यांत भरायला हवी."

क्लेमेंटिनाने त्यांच्याकडे असं पाहिलं की पंतांच्या हातातली बशी हिंदकळली.

"पंत, हे तुमी कोनाला म्हनालात?"

"गॅब्रिएलना. का?"

क्लेमेंटिना त्यांच्या घोंगडीवरच येऊन बसली. मग तिने एक बोट मुडपलं.

"पानी खारट. म्हनजे झरीच्या तोंडाशी खाडीचा चिखल बसलाय. सहदेवानं अडवली असती तर दगड न् मुरूम लावला असता, आनि पानी झिरपत ऱ्हायला असता. इथं थेंब नाय. खाडीचा चिखल पानी धरून ठेवतो हे कोनाला ठाव? जो मिठागराचे बांध घालतो त्याला."

"म्हणजे?"

"चुलींना चिखल कमी पडला. गाडीभर आनलेला, तो गेला कुठं? आनि धोंडीबा म्हनतो परका कोनी चढला नाय. परका! मी येडी, तेवढ्यावर उठून आले. आपला कोन चढला ते विचारलाच नाय." तिने मांडवाच्या मेढीला बांधलेल्या उंबराच्या फांदीकडे हात केला. "ही आनायला शनवारी जो टोपली घेऊन गेला, तो आपला."

पंतांनी फांदीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अहो, पण तो तर तुमचा..."

"हो," क्लेमेंटिना म्हणाली. "माझा भाऊ."

४

गॅब्रिएल उंबराखाली सापडला. कातळाच्या फटीसमोर तो गुडघ्यांवर बसला होता. बाजूला काळ्या चिखलाचा ढीग होता आणि त्याचे हात कोपरापर्यंत भरले होते.

"बाय, साहेब आजच येनार म्हनून मी पहाटंच उघाडी काढली," तो मागे न बघता म्हणाला. "पन पानी येत नाय."

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं दार. भरतीचं पाणी आत घ्यायचं, दार लावायचं, आणि हवं तेव्हा सोडायचं. गॅब्रिएलचं सगळं आयुष्य त्यात गेलं होतं. पंतांचं बोलणं ऐकून त्याच्या डोक्याने हाच हिशेब केला : बारीक धार तीन दिवस अडवून ठेवली, की मंगळवारी दार काढल्यावर धबधबा. कुंड भरलेलं होतं, तेवढ्यात कुणाला पत्ता लागणार नव्हता. उंबराचं पाणी आणणं हे बायकांचं काम, ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. आणि कुंड कोरडं पडल्यावर आता सांगितलं तर सगळी गंमत जाईल म्हणून तो गप्प बसला होता.

"गाढवा!" क्लेमेंटिना ओरडली, आणि डोंगरातली पाखरं उडाली. "हा काय तुझा मिठागर हाय? इथं चारी बाजूंनी बांध घातलाय कोनी?"

"मना काय ठाव! मी चांगल्यासाठीच..."

"ते मना ठाव हाय रे!" तिला रडू फुटलं. तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग तिथेच हात ठेवला. शोधता शोधता मनात तिने त्याला किती शिव्या दिल्या होत्या, आणि सापडला तो हा असा, चिखलाने बरबटलेला, लहानपणी खाडीत पडल्यावर दिसायचा तसा.

पंत धापा टाकत मागून पोचले होते. त्यांनी फटीत काठी घातली. काठी ओली झाली, पण धार आली नाही.

"पाणी आत साठलं असतं तर आत्तापर्यंत बाहेर पडलं असतं," ते म्हणाले. "नाही साठलं, तर गेलं कुठे?"

क्लेमेंटिना डोळे पुसता पुसता थांबली.

"धोंडीबाचे पाय!" ती म्हणाली, आणि लुगड्याचा काष्टा आवळून डोंगरमाथ्याच्या दिशेने पळत सुटली.

डोंगराच्या माथ्यावर उभं राहिलं की पलीकडच्या अंगाला, उताराखाली, धोंडीबाचं शेत दिसतं. फाल्गुनात तिथे भेगा पडलेली जमीन असते. आज शेताचा वरचा तुकडा उन्हात चकाकत होता. कडेच्या कातळातून, करंजांच्या मुळांमधून, पाणी पाझरत होतं आणि बांधाशी तळं झालं होतं. त्याच्या शेजारचा बोडका डोंगर, जो ठेकेदाराने आधीच तोडून नेला होता, त्याची घळ पांढरी फटक पडली होती.

"सापडला!" क्लेमेंटिना दोन्ही हात वर करून ओरडली. तेवढ्यात खाली, गावाच्या बाजूला, घोडा खिंकाळला. साहेब आला होता.

५

कोरड्या कुंडाशी अख्खी वाघोटी जमली होती. साहेब घोड्यावरून उतरला. सहदेवाने कुंडाकडे असा हात केला जसा काही त्यानेच ते बांधलं होतं.

"बघा साहेब. हीच ती बारमाही झरी."

वरून धावत येताना पंत क्लेमेंटिनाच्या कानाशी कुजबुजत होते, "आपण साहेबांना शेतातलं पाणी दाखवू. गॅब्रिएलचं नाव निघायची गरज नाही. निघालं तर सरकारी रानात नासधूस केली म्हणून खटला होईल. मुलाच्या लग्नाच्या दिवशी बाप बेड्यांत जाईल हो!"

क्लेमेंटिनालाही तेच हवं होतं. पण तिच्या डोक्याला गप्प बसता येत नव्हतं. शेतातलं पाणी दाखवलं, तर सहदेव म्हणेल ते पाणी वेगळं, ही झरी तर आटलीच. साहेबाला कसं पटणार की काल-परवापर्यंत ती वाहत होती? जी झरी आपोआप आटते तिला कुणी अडवायला जात नाही. अडवली होती, हीच ती वाहत असल्याची साक्ष. आणि ती साक्ष द्यायची तर अडवणारा द्यावा लागेल.

साहेबाने पंतांमार्फत विचारलं, "झरी का आटली?"

"आटली नाय!" क्लेमेंटिना गर्दीतून पुढे आली. "अडवलेली. कोनी अडवली ते मना ठाव हाय. ती..."

आणि इथे, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, क्लेमेंटिनाचा आवाज बसला. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. समोर मुंडावळीसारखा फुलांचा हार हातात घेऊन पॉल उभा होता, काही न कळून आत्याकडे बघत. हे नाव उच्चारायचं तिच्याने होईना.

सहदेव हसला. "बोला की बाई. कुणी अडवली? आम्ही?"

"मी!"

गॅब्रिएल वाटेवरून खाली येत होता. त्याने कोपरापर्यंतचे हात साहेबासमोर धरले. चिखल वाळून त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा आला होता.

"मी अडवली. साहेबाला मोठी धार दाखवायची व्हती म्हनून. गावाचा यात काय नाय. मना न्यायचा तर न्या, पन डोंगर नका नेऊ."

 पॉलच्या हातातला हार खाली पडला.

६

यानंतर जे झालं त्याचं श्रेय धोंडीबाला द्यायला हवं, जरी त्याने ते मागितलं नाही.

साहेब गॅब्रिएलचे हात निरखत होता आणि सहदेव मोठमोठ्याने म्हणत होता की हे सगळं नाटक आहे, पाणी असेल तर दाखवा. गर्दीतून धोंडीबा पुढे आला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं.

"पानी माझ्या शेतात हाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शनवारी सांजेपासून पाझर फुटलाय. मी दडवला. वाटला, जलमात एकदा तरी माझा शेत उन्हाळ्यात भिजंल. चला, दावतो."

सगळा गाव त्याच्या मागे निघाला. घुमटवाला होता, कळशा होत्या, साहेबाचा घोडाही होता. शेताच्या बांधावर साहेब थांबला. त्याने आधी शेजारच्या बोडक्या डोंगराची कोरडी घळ पाहिली, मग राखलेल्या रानाखालचं हे तळं पाहिलं. तो बूट न काढता तसाच चिखलात शिरला. कातळाशी ओंजळ भरून त्याने तोंडाला लावली आणि पंतांकडे वळून एकच शब्द बोलला.

"गोड," पंतांनी मराठीत सांगितलं. 

बायकांनी मग परवानगी विचारली नाही. कळशा बुडाल्या, गाणं सुरू झालं, आणि पॉलच्या आंघोळीचं पाणी धोंडीबाच्या शेतातून निघालं. सहदेव कधी निघून गेला ते कुणाला कळलंही नाही. धोंडीबाने त्याच बांधावर उभं राहून सांगून टाकलं की नवं कुंड इथे बांधा, तेवढी जमीन मी सोडली. क्लेमेंटिनाने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. आगरी आळी आणि किरिस्ताव आळी दोन्ही लाजल्या, आणि धोंडीबा सगळ्यांत जास्त.

साहेबाचं बोलणं पंतांनी गावाला समजावून दिलं. ठेकेदाराला डोंगर मिळू नये असं तो वर लिहिणार होता. रान गावाने राखावं. गॅब्रिएलवर खटला भरण्याइतकं यात काही नाही, कारण त्याने झाड तोडलेलं नाही. पण एक अट होती. उद्या इथे काही कमीजास्त झालं तर सरकारने कुणाला बोलवायचं? गावाने एक माणूस नेमून द्यावा, जो या रानाबद्दल सरकारला जबाब देईल.

सगळ्यांनी क्लेमेंटिनाकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्या बाईने डोंगर राखला तिच्याखेरीज दुसरं नाव कुठून येणार? पंत तर तिचं नाव सांगायला साहेबाकडे वळलेसुद्धा.

"थांबा पंत," क्लेमेंटिना म्हणाली. "गॅब्रिएलचा नाव सांगा."

"कुणाचं?"

"माझ्या भावाचा. आमी सगळे झरीचा पानी पितो, पन ती आपल्या हातानं मेली तर काय वाटतं, ते या गावात त्या एकट्यालाच ठाव हाय. तो आता कोनाला हात लावू देनार नाय. सोतालाबी नाय."

गॅब्रिएल बांधावर खाली बसला आणि भरल्या हातांनीच तोंड झाकून लहान पोरासारखा रडू लागला. पॉल त्याच्याजवळ जाऊन बसला.

साहेबाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्याने पंतांना पुन्हा विचारलं, ज्याने झरी बुजवली तोच हा माणूस का? पंतांनी चष्मा पुसला, नीट डोळ्यांवर चढवला, आणि तेच नाव पुन्हा सांगितलं.